बागेत कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा हवी आहे? पहिल्या अर्जापासून फाटक उघडेपर्यंत

आमची चिकू दोन वर्षांची होईपर्यंत पट्ट्याशिवाय पळाली ती फक्त माझ्या माहेरी, कापणी झालेल्या भातखाचरांत. पुण्यात तिच्या वाट्याला सहा फुटांचा पट्टा आणि पहाटे साडेपाचचा रस्ता. घरापासून चार मिनिटांवर महापालिकेची मोठी बाग, पण फाटकावर पाटी : ‘पाळीव प्राण्यांना आत आणू नये’. आज त्याच बागेच्या मागच्या कोपऱ्यात जाळीच्या कुंपणाआड सहा गुंठे जागा आहे आणि सकाळ-संध्याकाळ तिथं कुत्री मोकळी पळतात. पहिला अर्ज दिल्यापासून फाटक बसेपर्यंत २२ महिने गेले. त्यातले निदान आठ महिने आम्ही कामं उलट्या क्रमानं केली म्हणून गेले. तो क्रम इथं लावून देते आहे. कार्यालयांची नावं पुण्याची आहेत. दुसऱ्या महापालिकेत नावं थोडी बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘हे असलं परदेशात चालतं’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. सुरुवात परदेशातच झाली हे खरं. अमेरिकेत बर्कली इथलं ओलोन डॉग पार्क १९७९ सालचं आहे. पण हैदराबाद महापालिकेनं कोंडापूरला २०१८ मध्ये श्वान उद्यान केलं, बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्येही कुत्र्यांसाठी वेगळी कुंपणबंद जागा आहे. अर्जात बर्कलीचं नाव घालू नका, हैदराबादचं घाला. आपल्याच देशातल्या महापालिकेनं केलं आहे, हे समोरच्या अधिकाऱ्याला उपयोगी पडतं.

१. आधी कुत्री मोजा, मग परवाने काढा

सलग दोन रविवार, सकाळ-संध्याकाळ, बागेच्या आसपास फिरणारी कुत्री मोजा. एका वहीत लिहा : जात किंवा गावठी, लहान की मोठं, रेबीजची लस कधी टोचली, महापालिकेचा परवाना आहे का. आमच्या यादीत ४३ कुत्री झाली. परवाना होता ११ जणांकडे.

इथंच पहिली अडचण आहे. कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि तो दरवर्षी नव्यानं करून घ्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुम्ही जागा मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच येणार, आणि तो योग्यच आहे. आम्ही आधी अर्ज दिला आणि मग परवाने काढायला धावलो. तुम्ही आधी परवाने काढा. रेबीज लसीचं प्रमाणपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो हाताशी ठेवा. आपल्या गटात जो परवाना काढायला तयार नाही, त्याची सही अर्जावर घेऊ नका.

२. बागेचा कागद पाहा

आपण ज्याला बाग म्हणतो ती कागदावर बागच असते असं नाही. विकास आराखड्यात त्या जागेवर ‘उद्यान’ असं आरक्षण असू शकतं, ‘क्रीडांगण’ असू शकतं किंवा ती सुविधा क्षेत्रातली जागा असू शकते. क्रीडांगणाच्या आरक्षणावर कुत्र्यांसाठी कुंपण मागितलंत, तर मुलांची खेळायची जागा पळवली असा आक्षेप येईल आणि तो टिकेलही. नाल्याकाठची बाग असेल तर पूररेषा पाहा. पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम मागू नका.

बांधकाम विकास विभागाकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढता येतो. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का, हे मिळकत पत्रिकेवरून किंवा सात-बारावरून कळतं. तोंडी उत्तर मिळालं तर त्यावर विसंबू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे थेट विचारा : ‘या सर्व्हे नंबरचं आरक्षण काय आहे आणि ताबा कोणाकडे आहे?’

३. ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांच्याकडे आधी जा

या लेखातलं एकच कलम वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

आम्ही पहिल्या खेपेला ४३ कुत्र्यांच्या घरांतून ९० सह्या गोळा केल्या आणि खूश झालो. पंधरा दिवसांत त्याच बागेतल्या ज्येष्ठ नागरिक संघानं, हास्य क्लबनं आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून तिनशेहून अधिक सह्यांचा विरोध दिला. त्यांच्याशी आम्ही एका शब्दानं बोललो नव्हतो. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली ती ‘बागेत कुत्री सोडणार आहेत’ एवढीच. मी त्यांच्या जागी असते तर मीही सही केली असती.

त्यातल्या एका आजोबांना मी घरी जाऊन भेटले. त्यांनी विजार वर करून पोटरी दाखवली. अकरा वर्षांपूर्वी सकाळी फिरताना एक पट्टा सोडलेला कुत्रा चावला होता, दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. ते म्हणाले, “ताई, तुमचं कुत्रं चावणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला कुठे माहीत आहे?” त्या वाक्यावर मी घरी येऊन खूप विचार केला. आम्ही कुत्र्यांना मोकळी जागा द्या म्हणत होतो. त्यांना हवा होता कुत्रा समोर येणार नाही असा रस्ता. दोन्हीला उत्तर एकच होतं : कुंपण. आत्ता बागेच्या आजूबाजूला चाळीसेक कुत्री तशीही फिरतात, काही जण आडबाजूला पट्टाही सोडतात. कुंपण झालं की ती एका जागी जातील आणि जॉगिंग ट्रॅक मोकळा राहील.

दुसऱ्या अर्जात आम्ही मागणीच बदलली. ‘पाळीव कुत्र्यांना इतर नागरिकांपासून वेगळी, कुंपणबंद जागा असावी आणि तिच्याबाहेर बागेत पट्टा न सोडण्याचा नियम कडक पाळला जावा.’ या मजकुरावर त्या आजोबांनी पहिली सही केली.

कोणाकोणाला भेटायचं ते सांगते. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्य क्लब आणि योगवर्ग, खेळायला मुलं आणणाऱ्या आया, बागेचे माळी आणि रखवालदार, बागेकडे खिडक्या असलेल्या इमारतींचे सेक्रेटरी. माळ्यांना विसरू नका. रोज सकाळी हिरवळीवरची घाण उचलावी लागते ती त्यांना, त्यांचा राग सगळ्यांत रास्त असतो. आम्ही जायचं ते कुत्र्यांना घरी ठेवून, दोघा-दोघांनी. बोलायचं कमी, वहीत त्यांच्या अटी लिहून घ्यायच्या. भुंकण्याचा त्रास, वास, लहान मुलं, नमाजाला किंवा देवळात जाणाऱ्यांची वाट : जे सांगतील ते सगळं लिहा आणि पुढच्या नकाशात त्याचं उत्तर द्या.

४. जागेचा कोपरा निवडा

फीत घेऊन जा आणि स्वतः मोजा. आमची जागा ४० मीटर बाय १५ मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर, साधारण ६ गुंठे. मधोमध घेतली असती तर ११० मीटर कुंपण लागलं असतं. बागेच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात घेतल्यामुळे नवं कुंपण फक्त ५५ मीटर लागलं. खर्च निम्म्यावर आला तो केवळ कोपरा निवडल्यामुळे.

खेळणी आणि बाकं यांच्यापासून लांबचा कोपरा बघा. ट्रॅकला लागून जागा नको, पळणारा माणूस दिसला की कुत्री कुंपणाच्या बाजूनं धावत भुंकतात. पाण्याचा नळ जवळ हवा आणि दुपारच्या उन्हात सावली देणारं एखादं मोठं झाड हवं.

आता झाडांबद्दल, कारण याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्या बागांमध्ये आणि रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर सर्रास असते. तिचं पान, फूल, साल सगळं विषारी आहे आणि कुत्र्याच्या हृदयावर परिणाम होतो. पिवळी बिट्टी तशीच. शोभेसाठी लावलेलं सायकस तर यकृतावर बेततं, त्याच्या बिया सर्वांत घातक. आम्ही निवडलेल्या कोपऱ्यात भिंतीला लागून कण्हेरीची सात झुडपं होती. झाड काढायचं म्हटलं की १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आणि आणखी महिने. आम्ही त्या बाजूला जाळीची रेषा झुडपांपासून दीड मीटर अलीकडे घेतली. गळलेली पानं वाऱ्यानं आत येतात, ती रोज झाडावी लागतात. तुमच्या बागेतली झाडं एखाद्या जाणत्या माळ्याबरोबर आणि पशुवैद्याबरोबर फिरून बघून घ्या.

बागेत आधीपासून राहणारी वस्तीतली कुत्रीही असतात. त्यांना हाकलून आपल्या कुत्र्यांना जागा, असा व्यवहार होऊ देऊ नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं असतं. कानाला खाच असलेलं कुत्रं म्हणजे शस्त्रक्रिया झालेलं. आमच्या बागेत पाच होती, त्यांतल्या दोघांना खाच नव्हती. ते काम महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडून आधी करून घेतलं आणि त्यांना खायला घालायची जागा कुंपणापासून लांब, मागच्या फाटकाशी ठरवली. खाणं कुंपणाजवळ ठेवलंत तर जाळीच्या दोन्ही बाजूंनी रोज भांडणं होतील.

५. अर्ज

उद्यान विभागाच्या अधीक्षकांच्या नावे मुख्य अर्ज, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना. तिन्ही ठिकाणी दोन-दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरा. भाषा कार्यालयाची वापरा : ‘डॉग पार्क’ऐवजी ‘पाळीव श्वानांसाठी कुंपणबंद मोकळी जागा’.

सोबत जोडायची कागदपत्रं :

- झोन दाखला किंवा माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर
- हातानं काढलेला पण मापं लिहिलेला नकाशा आणि चारही बाजूंचे फोटो
- कुत्र्यांची यादी, परवान्यांच्या आणि रेबीज प्रमाणपत्रांच्या प्रती
- सह्यांचे दोन वेगळे तक्ते : कुत्रं असलेले आणि नसलेले
- ज्येष्ठ नागरिक संघ आणि शेजारच्या सोसायट्यांची पत्रं
- नियमांचा मसुदा
- रोजची स्वच्छता आणि देखरेख आम्ही करू असं हमीपत्र, निदान सात जणांच्या सह्यांचं

पुण्यात बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक असतात. पत्र चौघांनाही द्या, एकाच दिवशी, सारख्याच मजकुराचं. एकालाच दिलंत तर ते काम त्या एकाचं ठरतं आणि उरलेल्या तिघांना त्यात रस उरत नाही.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वंही जोडता येतील. बागा पाळीव प्राण्यांना सरसकट बंद ठेवण्यापेक्षा वेळा ठरवून द्याव्यात, अशी त्यांची दिशा आहे. पण हा कागद सगळ्यांत खाली ठेवा. कायदा पुढे केला की बोलणं थांबतं.

६. कायमची परवानगी मागू नका, तीन महिने मागा

अर्जाचा शेवटचा परिच्छेद असा असू द्या : ‘सदर जागा प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने द्यावी, तक्रारी आल्यास बंद करावी.’ कायमचा निर्णय घ्यायला कुणीही कचरतं. तीन महिन्यांचा निर्णय सोपा असतो, कारण तो मागे घेता येतो.

महिने नोव्हेंबर ते जानेवारी मागा. जमीन कोरडी असते, गवत तग धरतं, सकाळी ऊन लागत नाही. आम्ही वर्गणी काढून बांबू आणि शेतात वापरतात तसली हिरवी जाळी लावली. एका वहीत रोज लिहिलं : किती कुत्री आली, भांडण झालं का, घाण राहिली का, कोण तक्रार करून गेलं. वही बागेच्या रखवालदाराकडे ठेवली, आमच्याकडे नाही. तीन महिन्यांनी फाइल पुढे गेली ती त्या वहीमुळे.

७. पैसे

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवता येतं, एका कामाला कमाल ५ लाख रुपयांपर्यंत. अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात आणि काम पुढच्या आर्थिक वर्षात येतं. ही तारीख हुकली की वर्ष गेलं. दुसरा मार्ग म्हणजे नगरसेवकांच्या ‘स’ यादीतला, म्हणजे अंदाजपत्रकात त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा निधी. तिसरा वर्गीकरणाचा, म्हणजे दुसऱ्या कामाचे उरलेले पैसे या कामाकडे वळवणं. हा शेवटचा मार्ग मार्चअखेरीला अडकतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नका.

कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार करतील तेव्हा जागेवर हजर राहा. दोन फाटकं, पाण्याची जोडणी आणि जाळीखालचा काँक्रीटचा पट्टा या तीन गोष्टी त्यात लिहून आल्या आहेत का ते वाचा. पत्रकात नसलेली गोष्ट नंतर होत नाही.

८. काम चालू असताना रोज चक्कर मारा

*कुंपण* पाच फुटांपेक्षा कमी नको. जाळीचा खालचा काठ जमिनीत गाडलेला किंवा काँक्रीटमध्ये बसवलेला हवा. आमच्या ठेकेदारानं एका बाजूला जमीन उताराची होती तिथं जाळी सरळ ताणली आणि खाली वीतभर फट राहिली. वरून पाहताना ती कुणालाच दिसली नाही. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी एक बीगल त्या फटीतून निघून थेट मुख्य रस्त्यावर गेला. एका रिक्षावाल्या दादांनी रिक्षा आडवी घालून त्याला थांबवलं म्हणून तो वाचला. कुंपण पूर्ण झालं की गुडघ्यांवर बसून सगळा खालचा काठ हातानं चाचपा.

*फाटकं* दोन हवीत, मध्ये दोन माणसं आणि दोन कुत्री मावतील एवढी चौकोनी जागा. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. पट्टा या मधल्या जागेत सोडायचा. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात पट्ट्याला बांधलेलं कुत्रं घाबरतं, त्याला पळता येत नाही म्हणून ते अंगावर जातं. आमची निम्मी भांडणं फाटकाशीच झाली.

*जमीन* हिरवळीची मागू नका. पहिल्याच पावसाळ्यात चिखल होतो. आम्ही मुरूम दाबून वर जाड वाळूचा थर दिला, एका कडेला उतार आणि चर काढली. *लहान कुत्र्यांसाठी* एक चतुर्थांश भाग वेगळा ठेवला. डॅशहुंड आणि जर्मन शेफर्ड एकत्र सोडायचे नाहीत, ते कितीही गुणी असले तरी.

९. नियमांची पाटी

पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत, दहा ओळींच्या आत. आमच्या पाटीवरचे नियम :

- महापालिकेचा परवाना आणि चालू रेबीज लस असलेल्याच कुत्र्याला प्रवेश
- लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं आणि माजावर आलेली मादी आणू नये
- एका माणसाबरोबर जास्तीत जास्त दोन कुत्री
- खाऊ, हाडं, चेंडू आत नको
- घाण लगेच उचलावी
- बारा वर्षांखालील मुलं मोठ्यांसोबतच
- भांडणाऱ्या कुत्र्याला ताबडतोब बाहेर न्यावं
- चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी, लगेच दवाखान्यात जावं

पिल्लांच्या नियमावर सगळ्यांत जास्त वाद होतो, कारण तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन मिरवायची हौस असते. तिथं ठाम राहा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. सुरुवातीच्या लसी साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत चालतात, शेवटच्या टोच्यानंतर आणखी दोन आठवडे थांबायला सांगा.

नव्या सदस्याला एक गोष्ट तोंडी सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुंपणाच्या आत असलो तरी जबाबदारी आपलीच.

१०. फाटक उघडल्यानंतर

घाणीची पिशवी बागेच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तो कचरा पुढे कोणीतरी ताई हातानं वेगळा करते. आम्ही झाकणाचा वेगळा डबा ठेवला, त्यावर रंगानं लिहिलं आणि तो कसा उचलायचा हे आरोग्य निरीक्षकांशी आधी बोलून ठरवलं. घरी असाल तर विष्ठा शौचालयात टाकणं सगळ्यांत बरं.

सात जणांनी वार वाटून घेतले आहेत. माझा गुरुवार. झाडू, फावडं, पाण्याचं भांडं घासणं, कण्हेरीची पानं गोळा करणं, एकूण पंचवीस मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस फाटकाला कुलूप लावतो आणि आदल्या रात्रीच ग्रुपवर कळवतो. गोचिडींसाठी पावसाळा संपता संपता सगळ्या कुत्र्यांना एकाच आठवड्यात औषध लावतो, एकेकट्यानं लावून उपयोग होत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं जण जाळीचा खालचा काठ हातानं चाचपत पूर्ण ५५ मीटर जातात. जानेवारीत पुन्हा एक फट सापडली, घुशीनं उकरलेली. संध्याकाळच्या आत दगड-सिमेंट घालून बुजवली.